गणपती होईपर्यंत थांबू नका: कोकणातल्या कामगाराने दाद कशी मागावी

कोकणातली बरीच कामं मेअखेर आटोपतात. आंबा उतरून होतो, बोटी किनाऱ्याला लागतात, चिरेखाणींत पाणी भरतं, मालवण-तारकर्लीच्या हॉटेलांतली गर्दी ओसरते. माणसं कमी करायची तर मालकाला हाच मोका सोयीचा पडतो. काढलेला माणूसही फार आरडाओरडा करत नाही. घरी जातो, भात लावतो, आणि कोणी विचारलंच तर म्हणतो, "गणपती होऊंदेत, मगे बघूया."

31 मे रोजी काढलेल्या माणसाचे 90 दिवस 29 ऑगस्टला भरतात. अनुचित कामगार प्रथेविरुद्ध तक्रार करायची मुदत 90 दिवसांचीच आहे, आणि गणपती बहुतेक वर्षी त्याच्यानंतर बसतात. रास्त कारण असेल तर कोर्ट उशीर माफ करू शकतं. पण आजारपणाचा दाखला हे कारण होतं, मूर्ती रंगवायची होती हे होत नाही.

आपल्याकडे दुसरी अडचण म्हणजे मालक परका नसतो. वाडीतला, भावकीतला, नाहीतर पोराला कामाला लावताना ज्याने शब्द टाकला त्याचा मेहुणा. त्यामुळे कोणी नेमणूकपत्र मागत नाही, पगाराची चिठ्ठी मागत नाही. मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं असं वाटतं. आणि कामगार न्यायालयात तर अन्याय केवढा झाला यापेक्षा तो कोणत्या तारखेला झाला आणि कागद कुठे आहे, हेच आधी विचारतात. म्हणून या लेखात कायद्याची कलमं कमी आणि तारखा, कागद व दारं जास्त आहेत.

आधी दार ओळखा

अर्ज चुकीच्या दारात पडला की तीन-चार महिने सहज जातात. पोलिस म्हणतात, हे कामगार खात्याचं. कामगार खातं म्हणतं, हे आमच्या अखत्यारीत नाही. आणि तोवर मुदत सरते.

पगार बुडाला, किमान वेतनापेक्षा कमी दिला, ओव्हरटाइम दिला नाही, तर सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकाऱ्याचं कार्यालय. कामावरून काढलं, आकसाने बदली केली, वर्षानुवर्षं "टेम्पररी" ठेवलं, तर कामगार न्यायालय किंवा औद्योगिक न्यायालय. कारखान्यात यंत्राला जाळी नाही, रसायनाची वाफ कोंडते, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. लोटे-परशुराम, महाड आणि रोह्याच्या धाटावमधल्या रासायनिक कारखान्यांतल्या लोकांनी हे नाव पाठच करून ठेवावं. जातीवरून अपमान किंवा वेठबिगारी असेल तर पोलिस आणि जिल्हाधिकारी. बाईला कामावर त्रास होत असेल तर अंतर्गत समिती किंवा जिल्ह्याची स्थानिक समिती.

एका माणसाच्या प्रकरणात यांतली दोन-तीन दारं एकदम लागू शकतात. काजू कारखान्यातून काढलेल्या बाईचा पगारही थकलेला असतो. मग दोन वेगळे अर्ज करायचे, दोन्हींवर वेगळी पोच घ्यायची. सगळं एकाच अर्जात कोंबलं की प्रत्येक अधिकारी दुसऱ्याचा भाग दाखवून तो बाजूला ठेवतो.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, वेठबिगारीचे बळी आणि औद्योगिक कामगार यांना वकील मोफत मिळतो. यांतल्या कोणालाच उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचं कार्यालय असतं, तालुक्याच्या कोर्टातही समिती असते. फोन करायचा तर 15100.

भांडण नसताना जमवायचे कागद

21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. जुने 29 कायदे त्यांत सामावले गेले, 1936 चा वेतन प्रदान कायदा, 1947 चा औद्योगिक विवाद कायदा आणि 1948 चा किमान वेतन कायदा धरून. कामगाराच्या दृष्टीने यातली सगळ्यांत उपयोगी गोष्ट साधी आहे: नेमणूकपत्र देणं आता मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. "सगळ्यांना मिळतंय म्हणे, आमचंही द्या" असं म्हणून मागता येतं. तेवढाच संकोच कमी.

पत्र मिळालंच नाही, तर तुम्ही तिथे कामाला होता हे दुसऱ्या रस्त्याने दाखवता येतं. पीएफचं पासबुक, ईएसआयचं कार्ड, गेटपास, सुरक्षा प्रशिक्षणाच्या दिवशीचा ग्रुप फोटो, वार्षिक तपासणीचा रिपोर्ट, मुकादमाने व्हॉट्सॲपवर टाकलेली पाळ्यांची यादी, फोनपे-गुगलपेवर आलेला पगार. रोख पगार मिळत असेल तर ज्या दिवशी मिळाला त्याच दिवशी तो बँकेत भरा, निदान काही भाग तरी. पासबुकात दर महिन्याच्या त्याच सुमाराला तेवढीच रक्कम पडत गेलेली दिसली की अधिकाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही.

व्हॉट्सॲपच्या बाबतीत एक सावधगिरी. नुसता स्क्रीनशॉट छापून दिला तर समोरचा वकील आक्षेप घेतो. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे त्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील करून देतो. तुम्ही मूळ संदेश फोनमधून पुसू नका आणि फोन बदलायची घाई करू नका.

आणि एक वही ठेवा. तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, ओव्हरटाइम, कोणी काय सांगितलं. त्या-त्या दिवशी लिहिलेली, शाई बदललेली, मध्येच तेलाचा डाग पडलेली वही ही वादानंतर एका बैठकीत लिहून काढलेल्या कोऱ्या वहीपेक्षा खरी वाटते, कारण ती खरी असते.

गेटवर अडवलं तर त्याच दिवशी

लेखी काढून टाकणारे मालक थोडे. बहुतेक ठिकाणी सकाळी सुरक्षारक्षक सांगतो, "तुझं नाव यादीत नाही." सहा महिन्यांनी मालकाचा जबाब येतो: सदर कामगाराने स्वतःहून काम सोडले. हजेरीपट त्याच्याकडे असतो, तुमच्या हातात काही नसतं. म्हणून त्याच दिवशी, घरी जायच्या आधी, पुढच्यासारखं पत्र लिहायचं:

"मा. व्यवस्थापक यांस. मी आपल्या कारखान्यात पॅकिंग विभागात जून 2021 पासून कामाला आहे. आज दि. 2 जून रोजी सकाळी 7.50 वाजता पहिल्या पाळीसाठी हजर झालो असता, गेटवरील सुरक्षारक्षकाने माझे नाव यादीत नसल्याचे सांगून मला आत सोडले नाही. कारण विचारले, ते सांगितले नाही. लेखी काही दिले नाही. मी काम सोडलेले नाही व आजही कामावर येण्यास तयार आहे. मला त्वरित कामावर घ्यावे, अथवा न घेण्याचे कारण लेखी कळवावे."

एवढंच. "घोर अन्याय", "पोटावर पाय", "मुलंबाळं रस्त्यावर" हे मनात कितीही दाटलं तरी या पत्रात नको. "मी काम सोडलेले नाही" हे वाक्य मात्र हवंच. पुढचं अख्खं प्रकरण त्याच्यावर उभं राहतं. पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा (जुनं रजिस्टर एडी 2025 मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं), त्याचा फोटो मॅनेजरच्या व्हॉट्सॲपवर टाका आणि प्रत कामगार कार्यालयात देऊन पोच घ्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेटवर जा, एखाद्या सहकाऱ्याला बरोबर घेऊन. नातेवाईक नको, साक्षीला त्याची किंमत कमी.

याउलट कधी कधी फार गोडीने ऑफिसात बोलावतात, चहा पाजतात आणि राजीनाम्यावर सही मागतात. "पुढच्या सीझनला परत घेऊ, हिशेब तरी मोकळा होऊ दे." सही करू नका. घरी विचारून सांगतो म्हणा. कोणत्याही कायद्याने त्याच खुर्चीत बसून सही करायची सक्ती नाही. दबावाने झालीच असेल तर दुसऱ्याच दिवशी लेखी कळवा की राजीनामा माझ्या इच्छेने दिलेला नाही, मी तो मागे घेतो. आठवडा गेला की या पत्रातला जोर जातो. हिशेबाचे पैसे घ्यायला हरकत नाही, ते तुमचेच आहेत, पण व्हाउचरवर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: "माझे सर्व हक्क राखून स्वीकारले."

आरोपपत्र आलं तर

मालकाकडून आरोपपत्र आलं म्हणजे नोकरी गेली, असं समजून लोक घरी बसतात. खरं तर इथे कामगाराला पुष्कळ जागा असते. आरोप लेखी आणि नेमका हवा, उत्तराला वेळ हवा, कागद बघायला मिळायला हवेत, साक्षीदारांची उलटतपासणी घेता यायला हवी. प्रत्येक तारखेला जा. हजर राहिलं नाही की चौकशी एकतर्फी पूर्ण होते आणि मग कोर्टात फार थोडं उरतं. चौकशीच्या कागदावर सही करताना वाचून करा; तुम्ही मागितलेली प्रत दिली नसेल तर तेही त्याच कागदावर लिहा.

निलंबनाच्या काळात पहिले 90 दिवस निम्मं वेतन आणि विलंब तुमच्यामुळे झाला नसेल तर त्यापुढे 75 टक्के निर्वाह भत्ता मिळायला हवा. तो मिळत नसेल तर चौकशी संपायची वाट न बघता मागणी करा.

अनुचित प्रथेची तक्रार

महाराष्ट्राचा 1971 चा एक कायदा आहे, लांबलचक नावाचा: कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबतचा. वकील आणि युनियनवाले त्याला नुसतं "पल्प" म्हणतात. त्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकाच्या अनुचित प्रथा दिल्या आहेत. सूड म्हणून काढणं, उघड खोट्या कारणावरून काढणं, न सांगता गैरहजर राहिल्याचा बनाव करणं, क्षुल्लक चुकीला भलतीच मोठी शिक्षा, बदलीच्या धोरणाआडून आकसाने बदली, मर्जीतल्यांना झुकतं माप, झालेला करार न पाळणं, आणि तक्रार केली किंवा साक्ष दिली म्हणून काढणं. नव्या औद्योगिक संबंध संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही अशीच यादी आहे. तक्रारीत घडलेली हकिगत नीट लिहा आणि कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमावर ती उभी करायची ते वकिलाला ठरवू द्या. तुम्ही मात्र मुदत नेहमी कमीत कमी धरा, म्हणजे 90 दिवस.

चौथ्या अनुसूचीतली सहावी बाब आपल्याकडे सगळ्यांत जास्त लागू पडते. बदली कामगार (दुसऱ्याच्या जागी घेतलेला), नैमित्तिक किंवा तात्पुरता म्हणून माणूस वर्षानुवर्षं ठेवायचा, म्हणजे त्याला कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत. दर सात महिन्यांनी "ब्रेक" देऊन आठ दिवसांनी परत घेणं हा त्यातलाच प्रकार. इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. 240 दिवस भरले की माणूस आपोआप कायम झाला असं गेटवर सर्रास सांगतात, पण वर्षभरात 240 दिवसांचं पहिलं महत्त्व वेगळं आहे: तेवढे भरलेल्या माणसाला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याबदली पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई द्यावी लागते. दिवस मोजताना पगारी रविवार आणि पगारी सुट्ट्याही धरायच्या. नुसते कामाचे दिवस मोजून "माझे 212च भरतात" म्हणून सोडून देऊ नका.

काढण्याची तक्रार कामगार न्यायालयात जाते, बाकीच्या बाबींची औद्योगिक न्यायालयात. एकटा कामगारही तक्रार करू शकतो, युनियन लागत नाही. अंतिम निकालाला वर्षं लागतात म्हणून तक्रारीबरोबरच कलम 30(2) खाली तात्पुरत्या आदेशाचा अर्ज टाकायला वकिलाला सांगा. काढायची तयारी चाललीय असं दिसत असेल तर प्रत्यक्ष काढेपर्यंत थांबायचीही गरज नाही. कामगार न्यायालय आधीही दाद देऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितलं आहे.

तक्रारीत आणखी एक वाक्य लागतं, आणि ते नेमकं राहून जातं: "काढल्यापासून मला दुसरीकडे नोकरी नाही." मागचा पगार त्यावर अवलंबून असतो. 2013 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की बेकायदा काढलेल्याला मागील पगारासह परत घेणं हा सर्वसाधारण नियम आहे; कामगाराने बेरोजगार असल्याचं सांगितलं की ते खोटं ठरवायची जबाबदारी मालकावर जाते. मधल्या काळात कोणाच्या बागेत चार दिवस मजुरी केली असेल तर तेही सांगून टाका. पोट भरण्यासाठी केलेली मजुरी लपवली आणि मग उलटतपासणीत निघाली, तर बाकी सगळं खरं असूनही माणूस खोटा ठरतो.

ठेकेदाराचा माणूस असाल तर

एमआयडीसीतल्या आणि उरणच्या कंटेनर यार्डांतल्या कितीतरी लोकांचा घोळ इथेच होतो. काम कंपनीचं, आत जायचा पास कंपनीचा, हुकूम कंपनीच्या सुपरवायझरचा. पगार मात्र ठेकेदाराच्या नावाने. काढल्यावर हा माणूस थेट कंपनीविरुद्ध "पल्प"खाली तक्रार करतो, कंपनी म्हणते की हा आमचा कामगारच नाही, आणि तक्रार तिथेच कोसळते. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन प्रकरणांत स्पष्ट केलं, की मालक-कामगार हे नातंच वादात असेल तर ते आधी दुसरीकडे सिद्ध करून या. या कायद्याखाली तो वाद सोडवता येत नाही.

म्हणून ठेकेदारी कामगाराने पहिल्याच दिवशी वकिलाला विचारायचं की कंपनीचा माणूस आहे असं दाखवणारा निर्विवाद कागद आपल्याकडे आहे का. नसेल तर समेट अधिकाऱ्याकडे औद्योगिक वाद म्हणून जाणं बरं. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे तिथे वाद सुरू झाल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. एकाच गोष्टीसाठी दोन्ही रस्ते धरता येत नाहीत, हे 1971 च्या कायद्याचं कलम 59 सांगतं, तेव्हा रस्ता विचारपूर्वक धरा. पगारापुरतं मात्र कंपनीला हात झटकता येत नाहीत. ठेकेदाराने बुडवला तर मूळ मालकाने द्यायचा.

पगार, कापाकापी, ओव्हरटाइम

हा भाग तुलनेने सोपा आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत. काढलं किंवा राजीनामा दिला तर दोन कामकाजाच्या दिवसांत. ओव्हरटाइम दुप्पट दराने. कापणी काहीही झालं तरी पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त नाही. अलिबागपासून तारकर्लीपर्यंतच्या हॉटेलांत पहिल्या 15 दिवसांचा पगार "डिपॉझिट" म्हणून दाबून ठेवायची रीत आहे, तिला कायद्यात कुठेही आधार नाही. फुटलेल्या काचसामानाचे पैसेही तुमचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय कापता येत नाहीत.

किमान वेतनाचे दर राज्य सरकार उद्योग आणि परिमंडळ बघून ठरवतं. त्यावरचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा दरफलक दाखवून कोणी समजावत असेल तर ताजा आदेश कामगार कार्यालयातून मागा.

वेतन संहितेप्रमाणे दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, अधिकारी थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत नुकसानभरपाई देऊ शकतो, आणि कलम 59 म्हणतं की पैसे दिले हे सिद्ध करायचं ओझं मालकावर. हे शेवटचं फार मोलाचं आहे. रोखीने पगार देऊन पावती न ठेवणारा मालक आतापर्यंत निर्धास्त होता. आता नोंद नसणं त्यालाच महागात पडू शकतं.

उचल घेतलेला खलाशी, बागेतला राखणदार, भट्टीवरचं कुटुंब

मिरकरवाडा, हर्णैच्या बोटींवर आणि रत्नागिरी-देवगडच्या आंबाबागांत नेपाळी माणसं मोठ्या संख्येने आहेत. रायगडातली कातकरी कुटुंबं पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात. या सगळ्यांत उचल, म्हणजे कामाआधी आगाऊ घेतलेली रक्कम, हा समान धागा. उचल घेणं गुन्हा नाही, देणंही नाही. पण उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जाता येत नाही, मोबाइल किंवा कागद मालकाने ठेवून घेतलेत, मजुरी किमान वेतनाच्या खाली आहे, तर ती 1976 च्या कायद्याप्रमाणे वेठबिगारी होते. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं हे संविधानाच्या कलम 23 मधलं सक्तीचं श्रम ठरतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच सांगितलं.

अर्ज जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्याकडे करायचा, आणि तो मजुरानेच केला पाहिजे असं नाही. शाळेतले गुरुजी, आशाताई, कोणीही माहिती देऊ शकतं. प्रांताच्या चौकशीत वेठबिगारी दिसली तर मुक्ती प्रमाणपत्र मिळतं. ते हातात आल्याशिवाय भट्टीवरून नुसतं "सोडवून" आणून उपयोग नसतो, कारण पुनर्वसनाची मदत त्या कागदावर अवलंबून आहे. तो नसेल तर तेच कुटुंब पुढच्या वर्षी दुसऱ्या भट्टीवर दिसतं. मुक्त झाल्यावर उचल कायद्याने संपते, आणि हे वेठबिगारीचं कर्ज नव्हतं हे दाखवायचं काम उचल देणाऱ्याचं. ठाणे, पालघर, रायगडात श्रमजीवी संघटनेने या कायद्यावर पुष्कळ काम केलेलं आहे; त्यांचे कार्यकर्ते जवळपास असतील तर आधी त्यांच्याशी बोला.

नेपाळी माणसाला "तू परदेशी, तुला कायदा नाही" असं सुनावतात. ते खोटं आहे. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला इथे काम करता येतं, आणि किमान वेतन काम करणाऱ्याचं राष्ट्रीयत्व बघून ठरत नाही.

जात, बाई आणि गावकी

चवदार तळ्याचा सत्याग्रह 20 मार्च 1927 ला महाडात झाला. त्याच महाडच्या आसपास आजही भट्टीवर पाण्याचं पिंप वेगळं दिसलं, तर त्यावर 1955 चा नागरी हक्क संरक्षण अधिनियम आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला नोकरी-धंद्यापासून अडवणं हा गुन्हा आहे. झाडलोट, मैला उचलणं किंवा मेलेलं जनावर ओढणं सक्तीने करायला लावणं हाही. जातिवाचक अपमान, वेठबिगारी असेल तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. अर्ज पोलिस ठाण्यात, आणि फिर्यादीत नेमके शब्द, जागा, वेळ, कोण हजर होतं हे लिहून घ्यायचं. नोंदवून घेत नसतील तर पोलिस अधीक्षकांकडे लेखी. हे प्रकरण कामगार न्यायालयात सोडवू म्हणून कोणी मध्ये पडलं तर ऐकू नका. नोकरीचा वाद तिथे चालू दे, गुन्हा गुन्ह्याच्या ठिकाणी.

लैंगिक छळाच्या तक्रारीला 2013 च्या कायद्याप्रमाणे तीन महिने असतात. कारण असेल तर आणखी तीन. कोळंबी सोलायच्या शेडमध्ये दहापेक्षा कमी कामगार असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. चौकशी चालू असताना तीन महिन्यांपर्यंत रजा किंवा बदली मागता येते, ती अर्जातच मागा. आणि बाई म्हणून मजुरी कमी, हे तर 1976 पासून बेकायदा आहे. काजूच्या शेडमध्ये आणि बागेत ते अजून सर्रास चालतं.

तक्रार केली की गावकी बसते, हे इथलं खास. "केस मागे घे, नाहीतर वाळीत." रायगडातल्या अशाच प्रकरणांचा बोभाटा झाल्यावर महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, 2017 मध्ये तो लागू झाला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. बैठकीचा निरोप, दंडाची पावती, देवळात यायला केलेली मनाई, जे मिळेल ते जपून ठेवा.

मिळून लढायचं असेल तर

चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध 1933 पासून सहा वर्षं संप चालवला, तो नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली गावं एक राहिली म्हणून टिकला. पण तो काळ आणि आजचा कायदा वेगळा आहे. आता कोणत्याही उद्योगात संपाआधी 14 दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा जास्त लोकांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संपच धरतात. रागाच्या भरात गेटवर बसलेल्यांचा पगार जातो आणि मालकाला कारवाईचं आयतं कारण मिळतं. युनियन करायला मात्र कोणी अडवू शकत नाही. त्यासाठी धमकावणं, फोडणं, काढणं ही स्वतंत्र अनुचित प्रथा आहे.

आदेश हातात पडल्यावर

आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन लगेच कामावर हजर व्हा, आणि पुन्हा तेच पत्र: अमुक तारखेला, अमुक वाजता हजर झालो, घेतलं नाही. न्यायालयाचा आदेश न पाळणं हा 1971 च्या कायद्याच्या कलम 48 खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड. मालक हायकोर्टात गेला तर तिथला निकाल लागेपर्यंत शेवटच्या पगाराइतकी रक्कम मागता येते. त्यासाठी दुसरीकडे नोकरी नसल्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पैशाचा आदेश असेल आणि मालक देत नसेल तर कलम 50 खाली वसुली दाखला मागा. रक्कम मग जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडून तहसीलदाराकडे येतो आणि तिथल्या ढिगात पडतो. तिथे दर पंधरवड्याला जा, आवक क्रमांक लिहून घ्या, मालकाच्या नावावरचे सातबारे आणि बोटीच्या नोंदणीचा तपशील स्वतः काढून तहसीलदाराला द्या. काय जप्त करायचं ते समोर ठेवलं की फाइल हलते.